कल कोणाचा? : माध्यमिक स्तरावरील व्यवसाय मार्गदर्शनाची चिकित्सा

गोषवारा :
दहावीच्या टप्प्यावर दिले जाणारे व्यवसाय मार्गदर्शन प्रामुख्याने विद्यार्थ्याचा 'कल' शोधण्यावर केंद्रित झालेले आहे. कल ही विद्यार्थ्याच्या मनात आधीपासून असलेली, चाचणीने मोजता येणारी गोष्ट आहे, असे त्यात गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली असून, परिस्थितीने घडविलेला कल विद्यार्थ्याच्या स्वभावाच्या नावे नोंदविला जातो व त्यामुळे मार्गदर्शनाचे रूपांतर वर्गीकरणात होते, असे प्रतिपादन केले आहे. महाराष्ट्रातील कल चाचणीचा अनुभव, बदलत्या व्यवसायसंधी, महाविद्यालयांची भूमिका आणि पाबळच्या विज्ञान आश्रमाचा प्रयोग यांच्या आधारे हे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : व्यवसाय मार्गदर्शन, कल, अभिक्षमता, शाखानिवड, माध्यमिक शिक्षण.

प्रस्तावना :
दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, 'आता कोणती लाइन घेणार?' त्याचे उत्तर बहुधा विद्यार्थी देत नाही. 'मुलाला सायन्सला टाकले', 'मुलीला आर्ट्सला घातले' अशी वाक्ये कानी पडतात. या वाक्यांत पालक कर्ता आहे, विद्यार्थी कर्म आहे आणि शाखा म्हणजे त्याला ठेवण्याची जागा आहे. व्यवसाय मार्गदर्शनाचे प्रयोजन एका वाक्यात सांगायचे झाल्यास, या वाक्यातील कर्म असलेल्या विद्यार्थ्याला कर्त्याच्या जागी आणणे, असे सांगता येईल.

महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. तेव्हापासून पंधराव्या-सोळाव्या वर्षी होणारी शाखानिवड हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातील निर्णायक टप्पा मानला गेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला व विज्ञान, तसेच शैक्षणिक व व्यावसायिक यांतील कठोर भिंती नाहीशा करण्याचा उद्देश नमूद आहे. तथापि २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली तेव्हाही विद्यार्थ्यासमोर कला, वाणिज्य आणि विज्ञान हेच तीन दरवाजे ठेवण्यात आले. म्हणूनच या टप्प्यावर त्याला कोणते मार्गदर्शन मिळते, हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

१. संकल्पनेचा उगम आणि त्यातील तीन पायऱ्या :
आधुनिक व्यवसाय मार्गदर्शनाचा प्रारंभ अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तेथे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. पार्सन्स यांनी व्यवसायनिवडीच्या तीन पायऱ्या मानल्या. पहिली स्वतःची ओळख, दुसरी व्यवसायांची माहिती आणि तिसरी या दोहोंच्या संबंधाचा विवेकपूर्ण विचार. त्यांच्यापुढे स्थलांतरित व श्रमिक कुटुंबांतील तरुण होते. मिळेल ते काम पत्करण्याची सक्ती असलेल्या तरुणाला विचार करण्याची संधी मिळावी, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता.

पुढील काळात पहिल्या पायरीचा विकास फार झपाट्याने झाला. मानसशास्त्रीय मापनाचे तंत्र प्रगत झाले. १९४७ मध्ये भेददर्शी अभिक्षमता चाचण्या तयार झाल्या आणि १९५९ पासून जॉन हॉलंड यांनी व्यक्तिमत्त्व-प्रकार व कार्य-वातावरण यांची सांगड घालणारा सिद्धांत मांडला. मोजता येण्याजोगे ते पुढे गेले; तिसऱ्या पायरीवरील विवेक मात्र मोजता येत नसल्याने मागे पडला. वस्तुतः याच शास्त्रातील इतर अभ्यासकांनी सावधगिरीचे इशारे दिले होते. डोनाल्ड सुपर यांनी व्यवसायनिवड ही एकदाच घडणारी घटना नसून दीर्घकाळ चालणारी विकासप्रक्रिया आहे, असे मांडले. त्यांच्या मते सुमारे पंधरा ते चोवीस हा वयोगट चाचपणीचा असतो. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट निदर्शनास आणली. मूल सहा ते आठ या वयात 'हे काम पुरुषांचे, ते बायकांचे' या आधारे काही व्यवसाय बाद करते आणि नऊ ते तेरा या वयात सामाजिक प्रतिष्ठा व आपल्या आवाक्याचा अंदाज या आधारे आणखी काही बाद करते. स्वतःच्या आवडीनिवडीचा विचार त्यानंतर येतो. तोवर उरलेल्या थोड्या पर्यायांतूनच आवड व्यक्त होते.

हे विवेचन मान्य केल्यास एक गंभीर निष्कर्ष निघतो. पंधराव्या वर्षी घेतलेली चाचणी विद्यार्थ्याच्या इच्छेचा उगम दाखवीत नाही, ती गाळणीतून उरलेले तेवढेच दाखविते.

२. महाराष्ट्राची परंपरा :
शिक्षणाचा जगण्याशी संबंध काय, हा प्रश्न महाराष्ट्रात पाश्चात्त्य मार्गदर्शनशास्त्र येण्यापूर्वीच विचारला गेला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात हिशेब, मोडी वाचन-लेखन, शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्य यांचा समावेश करण्याची मागणी केली. उच्च शिक्षण कारकून व शिक्षक घडविण्यापुरते राहते आणि स्वतंत्रपणे जगण्यास उपयोगी पडत नाही, ही त्यांची तक्रार होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा व शिका' या तत्त्वाने श्रम आणि शिक्षण एकत्र आणले. या दोन्ही भूमिकांत शिक्षणाकडून जगण्याकडे जाणारी वाट बांधण्याला प्राधान्य होते. विद्यार्थ्याची छाननी करणे हा त्यांचा हेतू नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळा व शालेय मार्गदर्शन यांची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग असून ते प्राथमिक स्तरापासून सर्व विद्यार्थ्यांसाठी असावे, असे म्हटले. माध्यमिक शाळांसाठी किमान व्यवस्था म्हणून दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी या आयोगाची सूचना होती. ही अपेक्षा अवाजवी नव्हती. तरीही ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वसाधारण अनुदानित माध्यमिक शाळेत समुपदेशक हे पद आजही अपवादानेच आढळते. व्यवस्थेने माणूस नेमला नाही. माणसाची जागा भरून काढण्यासाठी चाचणी आली.

३. कल चाचणीचा अनुभव :
महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी संगणकाधारित कल चाचणी सुरू केली. वाणिज्य, कृषी, ललित कला, मानव्यविद्या, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोठे आहे, याचा अहवाल त्याच्या हाती दिला जाई. पुढे तिला अभिक्षमतेच्या भागाची जोड मिळाली.

या उपक्रमाचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. शहरी पालक पैसे मोजून करून घेत असलेली गोष्ट प्रथमच दुर्गम शाळेतील विद्यार्थ्यापर्यंत विनामूल्य पोहोचली. 'मला चित्रकलेत रस आहे' हे वडिलांना सांगू न शकणाऱ्या मुलाच्या हाती शासनाचा कागद आला. आवड हा विचारात घेण्याजोगा निकष आहे, हे व्यवस्थेने जाहीरपणे मान्य केले. हे लहान यश नव्हे.

तथापि या उपक्रमाच्या मर्यादा त्याच्या रचनेतच आहेत. पहिली मर्यादा वेळेची. आयुष्यातील दहा वर्षे शाळेत काढल्यावर, परीक्षेच्या धामधुमीच्या वर्षात विद्यार्थ्याला एकदा विचारले जाते आणि त्यावर अहवाल तयार होतो. तत्पूर्वीच अनेक निर्णय होऊन गेलेले असतात. राज्य मंडळात नवव्या इयत्तेत 'सामान्य गणित' निवडण्याची मुभा काही वर्षे होती. पुढे नवा अभ्यासक्रम आल्यावर हा विषय बंद झाला. तो घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या तंत्रविज्ञानाकडे जाणाऱ्या अनेक वाटा नववीतच अरुंद होत. तो निर्णय बहुधा आठवीच्या गुणांवर होई आणि त्याला कोणी व्यवसाय मार्गदर्शन म्हणत नसे.

दुसरी मर्यादा अनुभवाची. ज्या विद्यार्थ्याने कार्यशाळा, प्रयोगशाळा, चित्रशाळा वा न्यायालय आतून पाहिलेले नाही, त्याने त्या क्षेत्राविषयी दिलेला होकार वा नकार हा त्या कामाविषयीचा नसतो, त्याने ऐकलेल्या नावाविषयीचा असतो.

तिसरी मर्यादा अर्थनिर्णयनाची. 'गणवेशधारी सेवा' या एकाच क्षेत्राचा विचार केला तरी ती स्पष्ट होते. कोरडवाहू गावांतून पहाटे रस्त्याच्या कडेने धावण्याचा सराव करणारे तरुणांचे गट दिसतात. त्यांच्या या ओढ्यात देशसेवेची भावना आहे, शरीरसामर्थ्याचा अभिमान आहे. आणि त्याचबरोबर दहावी-बारावीच्या पात्रतेवर मिळणाऱ्या नियमित पगाराची गरजही आहे. चाचणीच्या अहवालात या तिन्ही गोष्टी एका आकड्यात मिसळतात. शेतीच्या अनिश्चिततेतून सुटण्याची धडपड मुलाच्या स्वभावाच्या रकान्यात नोंदली जाते.

येथे मराठीतील 'कल' या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. छपराला कल असतो, जमिनीला कल असतो. पाणी कलाने वाहते, परंतु तो कल पाण्याचा नसतो, जमिनीचा असतो. विद्यार्थी ज्या दिशेने वाहत गेला ती दिशा त्याच्या मनाने ठरविली की त्याच्या पायाखालच्या जमिनीने, हा प्रश्न चाचणी विचारीत नाही.

४. जमिनीचा कल :
तालुक्याच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरील एखाद्या माध्यमिक शाळेचे उदाहरण कल्पावे. गावात वा शेजारच्या गावात कनिष्ठ महाविद्यालय असेल तर ते बहुधा कला शाखेचे असते. विज्ञान शाखा, तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था तालुक्याला वा त्याहून लांब असतात. अशा गावातील मुलगी कला शाखेत जाते तेव्हा तो तिचा कल असेलही, परंतु एस.टी.च्या शेवटच्या फेरीची वेळ, रस्त्यावरील निर्जन टप्पा, वसतिगृहाचा खर्च आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी या गोष्टींनीही तो निर्णय घडविलेला असतो. गुण चांगले असूनही 'जवळ आहे ते बरे' हे वाक्य जेथे शेवटचे ठरते, तेथे कल विचारून उपयोग होत नाही.

याचा व्यत्यासही खरा आहे. जमिनीचा उतार बदलला की कल बदलतो. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत प्रवास देणारी अहिल्याबाई होळकर योजना हे याचे ठळक उदाहरण होय. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. या निर्णयामुळे एखादी मुलगी अभियांत्रिकी वा औषधनिर्माणशास्त्राकडे वळली, तर तिची अभिरुची एका वर्षात पालटली असे कोणी म्हणणार नाही. तिच्या अभिरुचीला व्यक्त होण्यास वाव मिळाला, एवढेच म्हणता येईल. प्रवासाची सवलत, शुल्कमाफी व वसतिगृह यांचा विचार सामान्यतः कल्याणकारी योजना म्हणून केला जातो. वास्तविक हे व्यवसाय मार्गदर्शनाचे सर्वांत परिणामकारक घटक आहेत. परंतु त्यांची अचूक माहिती दहावीच्या वर्गात नेमक्या वेळी देण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

५. शिळी माहिती आणि मागच्या पिढीचे यश :
पार्सन्स यांची दुसरी पायरी व्यवसायांच्या माहितीची. माहितीच्या नावाखाली जे दिले जाते ते बव्हंशी मागच्या पिढीच्या यशाचे वर्णन असते. २००० नंतरच्या दशकात बारावीनंतर डी.एड. हा मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांत, विशेषतः मुलींसाठी, सर्वांत खात्रीचा सल्ला होता. राज्यभर अध्यापक विद्यालये निघाली. नंतर शिक्षक भरती मंदावली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षेची अट आली आणि पदविका घेतलेल्या तरुणांची मोठी संख्या वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहत राहिली. अनेक अध्यापक विद्यालये विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी आपल्या काळातील खात्री पुढच्या काळाला देऊ केली.

सैन्यभरतीच्या बाबतीतही असेच घडले. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यावर भरती चार वर्षांसाठी होऊ लागली आणि त्यातील २५ टक्क्यांपर्यंतच जवानांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद झाली. २०१६ ते २०२० या काळात ज्याच्या अहवालावर 'गणवेशधारी सेवा' असे नोंदले गेले, त्याच्यासाठी त्या शब्दांचा अर्थ काही वर्षांतच बदलला. विद्यार्थ्याचा कल तोच राहिला. पोचण्याचे ठिकाण मात्र पूर्वीचे उरले नाही. म्हणून एखादा व्यवसाय सुचविण्यापेक्षा त्या व्यवसायातील भरती, अटी व कालावधी कसे तपासावेत, हे शिकविणे अधिक टिकाऊ मार्गदर्शन ठरते. हीच पार्सन्स यांची तिसरी पायरी होय.

६. मार्गदर्शक कोण? :
समुपदेशकाच्या अभावी मार्गदर्शनाचे काम तीन घटकांकडे जाते. वर्गशिक्षकाकडे, खासगी शिकवणी वर्गांकडे आणि परिसरातील कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांकडे. वर्गशिक्षकाला विद्यार्थी ठाऊक असतो, परंतु त्यासाठी वेळापत्रकात तास नसतो व कार्यभारात त्याची गणना होत नाही. शिकवणी वर्गांचे मार्गदर्शन वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. या दोन घटकांविषयी पुष्कळ बोलले जाते. तिसऱ्या घटकाविषयी मात्र महाविद्यालयीन वर्तुळात मौन पाळले जाते, म्हणून त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे.

दहावीची परीक्षा संपताच अनेक महाविद्यालयांतील प्राध्यापक गावोगावच्या शाळांत 'करिअर मार्गदर्शन' शिबिरासाठी जातात, घरोघरी भेटी देतात, माहितीपत्रके वाटतात. विद्यार्थिसंख्या घटली तर तुकडी जाते, तुकडी गेली तर कार्यभार घटतो आणि कोणीतरी अतिरिक्त ठरतो. ही भीती खरी आहे व तिच्यापोटी होणारी धावपळ समजण्यासारखी आहे. परंतु अशा भेटीत दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला मार्गदर्शन म्हणता येत नाही. ज्याची नोकरी विद्यार्थ्याच्या एका विशिष्ट निर्णयावर अवलंबून आहे, तो त्या निर्णयाबाबत तटस्थ सल्ला देऊ शकत नाही. दोन वर्षांच्या वायरमन अभ्यासक्रमाकडे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कला शाखेच्या प्राध्यापकाने 'आधी पदवी तर घे' असे सांगणे, हे शिक्षणाविषयीच्या आस्थेतून आले की हजेरीपटाच्या चिंतेतून, हे सांगणाऱ्यालाही नेहमी ठाऊक नसते. त्याची किंमत मात्र विद्यार्थी मोजतो. प्रथम वर्ष कला वर्गात पहिल्या सत्रानंतर न दिसणारे अनेक विद्यार्थी या न मोजलेल्या हिशेबाचा भाग असतात.

७. करून पाहण्याची वाट : पाबळचा प्रयोग :
पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्री. श. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीसाठीचा अभ्यासक्रम विकसित झाला आणि राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, तसेच गृह व आरोग्य या चार विभागांत विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. जोडकाम, वीजजोडणी, मातीपरीक्षण, रक्तगट तपासणी अशी कामे मुले व मुली दोघेही करतात आणि त्यांतील काही गावाच्या उपयोगी पडतात.

मार्गदर्शनाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व वेगळे आहे. येथे विद्यार्थ्याला 'तुला काय आवडते?' असे विचारले जात नाही. आवड निर्माण होईल वा नष्ट होईल अशा परिस्थितीत त्याला ठेवले जाते. जोडकामाचे यंत्र हाती घेतलेल्या मुलीच्या बाबतीत गॉटफ्रेडसन यांनी वर्णिलेली गाळणी काही अंशी उलट दिशेने फिरू शकते. तीन वर्षे चारही विभागांत काम केल्यावर व्यक्त होणारी पसंती ही पडद्यावरील पसंतीहून निराळ्या दर्जाची असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील सहावी ते आठवीच्या दहा दप्तरमुक्त दिवसांमागे हाच विचार आहे. परंतु दहा दिवसांची भेट आणि दर आठवड्याचे काम यांत पाहणे आणि शिकणे यांइतके अंतर आहे.

या प्रयोगालाही एक धोका आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतरच्या नयी तालीमेला व १९८८ नंतरच्या किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रमांना जे भोगावे लागले, ते त्यालाही भोगावे लागू शकते. हाताने करावयाचे काम 'कमी गुणांच्या मुलांसाठी' आहे, असा समज एकदा रुजला की उत्तम अभ्यासक्रमही दुय्यम ठरतो. म्हणून असे काम सर्व विद्यार्थ्यांना असावे, निवडक विद्यार्थ्यांना नव्हे.

निष्कर्ष :
१. कल ही विद्यार्थ्याच्या ठायी असलेली स्थिर वस्तू नसून अनुभव, परिस्थिती व उपलब्ध संधी यांतून घडणारी प्रक्रिया आहे. तिचे एकदाच केलेले मापन संवादाचा प्रारंभ ठरू शकते. निर्णय ठरू शकत नाही.

२. मार्गदर्शनाचा प्रारंभ आठवीपूर्वी व्हावा. दहावीपर्यंत थांबणे म्हणजे गाळणीतून उरलेल्यांतच निवड करणे होय.

३. प्रत्येक शाळेजवळ परिसराचा शैक्षणिक नकाशा असावा. कोणता अभ्यासक्रम किती अंतरावर आहे, शुल्क किती, सवलत कोणती, वसतिगृह आहे काय, शेवटची एस.टी. किती वाजता, आणि त्या वाटेने गेलेले शाळेचे माजी विद्यार्थी आज काय करतात, या गोष्टी त्यात नोंदवाव्यात व दरवर्षी तपासाव्यात.

४. चुकलेली निवड दुरुस्त करता येते, हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षणाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षात, तर पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. पंधराव्या वर्षीचा निर्णय अखेरचा नाही, ही माहिती भीती कमी करते. आणि भीती कमी झाल्याशिवाय विवेक शक्य होत नाही.

५. वर्गशिक्षकाच्या मार्गदर्शनाच्या तासाची कार्यभारात गणना व्हावी आणि कोठारी आयोगाने सुचविलेला फिरता समुपदेशक आता तरी प्रत्यक्षात यावा.

६. महाविद्यालयांनी प्रवेशासाठीचा प्रचार व मार्गदर्शन यांत स्पष्ट भेद करावा. शाळेत मार्गदर्शनासाठी जाणाऱ्या प्राध्यापकाने आपल्या महाविद्यालयात नसलेल्या वाटांचीही माहिती द्यावी, एवढा किमान दंडक स्वतःहून पाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

'कोणती लाइन घेणार?' हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारण्यापूर्वी त्याच्यासमोर कोणत्या वाटा प्रत्यक्षात खुल्या आहेत, हे मोठ्यांनी स्वतःला विचारणे आवश्यक आहे. वाटच नसलेल्या दिशेला कल दाखविणारा अहवाल विद्यार्थ्याच्या हाती देणे, हे मार्गदर्शन नव्हे.